हॉप्सवाल्या कडू बीअरची गोडी लागते तरी कशी?

मुठाकाठी

नमस्कार मंडळी. 'बीअर प्यावी की पिऊ नये' यावर इथे आधीच भरपूर रणकंदन झालंय, ते कृपया त्याच धाग्यांवर चालू ठेवा. माझा प्रश्न फार छोटा आहे.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली हा स्वतःची बीअर बनवणारा पब सुरू झाला तेव्हापासून क्राफ्ट बीअरची नवलाई हळूहळू संपत गेली. आता कुठल्याही शुक्रवारी कुणीतरी म्हणतंच, चला टॅपरूमला, म्हणजे ताजी बीअर नळावर देणाऱ्या बारला. मला गव्हाची बीअर मनापासून आवडते. केळ्या-लवंगेचा वास, मऊ फेस, अंगावर न येणारी. पण ऑफिसातल्या आमच्या टोळीनं हल्ली तिला वाळीत टाकलंय. सगळ्यांना आयपीए हवी, म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्स ठासून भरलेली. ग्लास नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि 'आहाहा, पपनस! पाइन! पॅशनफ्रूट!' मी घोट घेते तेव्हा मला यातलं एकही झाड किंवा फळ भेटत नाही. नुसतं कडू. आणि ते कडू घशाच्या तोंडाशी जे ठाण मांडून बसतं ते चखणा संपला तरी उठत नाही.

तर प्रश्न असा, की ही माणसं खरंच मजा घेतात का एकमेकांना दाखवायला पितात? आणि चव बसतेच असं असेल तर सुरुवात कुठून करू? स्ट्राँग नको, दुसऱ्या दिवशी डोकं धरतं.

लागरप्रेमी

दाखवायला पितात. पुढचा प्रश्न?

आळशी_कासव

लागरप्रेमींचं उत्तर लॅमिनेट करून ठेवावं असं आहे. पण मलाही हाच प्रश्न पडलाय, त्यामुळे इथेच बसतो.

शेवटचा_घोट

लागरप्रेमी, थोडं थांबा. मी बंगळुरात एका ब्रूअरीत कामाला आहे, तेव्हा हा प्रतिसाद लांबणार.

हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, तीही फक्त मादी वेलीची. वनस्पती गांजाच्या कुळातली आहे, पण गांजाची नशा हिच्यात नाही, उत्साही मंडळींनी शांत व्हावं. फूल म्हणजे बोटाच्या पेराएवढा, कागदासारख्या पापुद्र्यांचा हिरवा शंकू. उभा फाडला की पापुद्र्यांच्या बुडाशी पिवळीधमक चिकट पूड दिसते. तिचं नाव ल्युप्युलिन. ब्रूअरला हवं असतं ते बहुतेक सगळं या पुडीत. त्यात एक भाग राळेचा, म्हणजे अल्फा आम्लं. दुसरा सुगंधी तेलांचा: मिरसीन, ह्युम्युलीन, लिनलूल, जिरॅनिऑल वगैरे. यातलं मिरसीन आंब्यातही असतं, त्यामुळे तुमच्या टोळीतल्या कुणाला ग्लासात आंबा सापडला तर तो सगळाच अभिनय नसतो.

आता खरी गंमत. अल्फा आम्लं नुसती टाकली तर फारशी विरघळतही नाहीत. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, गोड पाण्यात तासभर उकळली की त्यांची रचना बदलते, आयसो-अल्फा आम्लं तयार होतात, आणि बीअरचा कडवटपणा मुख्यतः तिथून येतो. तेलांचं नेमकं उलट. तासभर उकळली की ती वाफेबरोबर उडून जातात. गवती चहा आधण ठेवल्यापासून उकळत राहिलात तर स्वयंपाकघर घमघमतं आणि कपात काही उरत नाही, तसंच. म्हणून ब्रूअर हॉप्स वेगवेगळ्या वेळी टाकतो. उकळीच्या सुरुवातीला कडूपणासाठी, आच बंद करताना किंवा केल्यावर वासासाठी, आणि आंबवण झाल्यावर थंड टाकीत पुन्हा एकदा. या शेवटच्या प्रकाराला ड्राय हॉपिंग म्हणतात.

म्हणजे 'हॉपी बीअर' या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची टोळी दुसऱ्या गोष्टीसाठी ग्लास उचलते आणि तुम्हाला पहिलीच भेटते. त्यामुळे कडूपणाची सवय करून घ्यायला मुळीच जाऊ नका. आधी वास पकडा.

गव्हाची बीअर आवडते ना? मग हेझी आयपीए, म्हणजे न्यू इंग्लंड पद्धतीची, मागवून बघा. गढूळ असते, त्यात ओट्स किंवा गहू असतात म्हणून तोंडाला मऊ लागते, आणि बहुतेक हॉप्स आच बंद केल्यावर टाकलेले असतात. कडवटपणा बेताचा, वास ढीगभर. हिचं मूळ अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात. वॉटरबरी गावातल्या 'द अल्केमिस्ट' पबची हेडी टॉपर ही बीअर सुरुवातीला फक्त तिथे बसूनच प्यायला मिळायची. २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात तो पब वाहून गेल्यातच जमा झाला आणि त्याच सुमारास ती कॅनमध्ये भरायला लागली. लोक राज्यं ओलांडून रांगा लावायला यायचे.

पिताना बाटली किंवा कॅन तोंडाला लावू नका. ग्लास अर्धाच भरा, वर वासाला जागा ठेवा. आणि मगावर बर्फाचा थर हवा हा हट्ट सोडा. फार थंड बीअरमधून वास वर येतच नाही. आठ-दहा अंशाला ती बोलायला लागते. पहिल्या घोटावर निकाल देऊ नका, जीभ तेव्हा नुसती दचकलेली असते.

आळशी_कासव

बर्फाळ मग सोडायचा? मे महिन्यात? पुण्यात?

लागरप्रेमी

बघा. आधी गोड बोलून कडू पाजतात, मग गारही राहू देत नाहीत.

वैशाखवणवा

मेनूवर आयबीयू २०, ४५, ६० असे आकडे असतात. तो कडूपणाचाच मोजमाप ना? मग सोपं आहे की, कमी आकड्यापासून एकेक पायरी चढत जायचं.

शेवटचा_घोट

सगळे हेच करतात आणि तिसऱ्या पायरीवर कंटाळतात. १ आयबीयू म्हणजे ढोबळमानानं एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल. तो प्रयोगशाळेतला आकडा आहे, जिभेला काय वाटेल ते तो सांगत नाही. माल्टची साखर किती उरलीय, पाण्यात सल्फेट जास्त की क्लोराइड, फेस किती, यावर सगळं फिरतं. सल्फेटनं कडूपणाला धार येते, क्लोराइडनं गोलाई. सिएरा नेवाडा या अमेरिकी ब्रूअरीची पेल एल (आयपीएपेक्षा सौम्य बहीण) ३८ आयबीयूची आहे. गिनेस आणि पिलस्नर उर्केल दोन्ही चाळिशीच्या आसपास. तिन्ही शेजारी ठेवून प्या आणि सांगा आकडा काय कामाचा.

जिभाही सारख्या नसतात. कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे रिसेप्टर आपल्या जिभेवर असतात आणि त्यांची संवेदनशीलता माणसागणिक बदलते. तेव्हा मुठाकाठी, शेजारच्याला जे सौम्य लागतं ते तुम्हाला जहाल लागू शकतं, त्यात नाटक कुणाचंच नाही.

चेक_मेट

प्राग इथून. लागरप्रेमींच्या नावातच घोळ आहे हे नम्रपणे सांगायला आलोय. तुम्ही हॉप्सविरोधी नाही आहात हो, तुम्हाला हॉप्स कुणी नीट वाढलेच नाहीत.

आपल्याकडे लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली बीअर) म्हणून जे मिळतं त्यात हॉप्स नावापुरते असतात. १८४२ मध्ये पिल्झेन गावात योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरनं जी सोनेरी लागर काढली, ती चांगली खमंग कडू आहे. हॉप्स झातेत्स गावच्या, ज्यांना जर्मनमध्ये साझ म्हणतात. इथे काही पबांत तळघरातल्या टाकीतून, पाश्चरायझेशन न केलेली पिलस्नर नळावर येते. फेस दह्यासारखा घट्ट असतो आणि आधी त्यातूनच ओठ जातात. मग ब्रेडच्या कडेसारखा माल्ट, पाठोपाठ गवताचा, किंचित मिरीसारखा वास, आणि शेवटी कडू येतं ते एकदम स्वच्छ, मागे काही न ठेवता निघून जातं. त्यामुळे पुढचा घोट घ्यावासाच वाटतो. माझे सासरे सांगलीहून आले होते, आयुष्यभर एकाच ब्रँडची लागर प्यालेले. त्यांना कुणी 'ही हॉपी आहे' असं सांगितलं नाही. पहिला ग्लास संपल्यावर म्हणाले, "ही बरी आहे, आपल्याकडची थोडी पाणचट असते."

मुठाकाठी, आयपीएच्या आधी चांगली पिलस्नर. माझं मत.

लागरप्रेमी

सासऱ्यांना साष्टांग नमस्कार. पिलस्नर चालेल. आयपीए नाही म्हणजे नाही.

पावसाळी

मी सिअ‍ॅटलला असते. इथे कडू आवडत नाही म्हटलं तर लोक आजारी आहेस का विचारतात. माझ्या नवऱ्याला आधीपासून आवडायची, मला नाही. माझ्यात फरक पडला तो याकिमाला गेल्यावर.

याकिमा म्हणजे डोंगर ओलांडून पलीकडचा भाग. इकडे सतत पाऊस, तिकडे कोरडं रखरखीत, आणि शेती सगळी डोंगरातल्या बर्फाच्या पाण्यावर. अमेरिकेतले साधारण तीन चतुर्थांश हॉप्स वॉशिंग्टन राज्यात होतात आणि ते मुख्यतः याच खोऱ्यात. शेत लांबून द्राक्षबागेसारखं वाटतं, पण आत शिरलं की मान मोडेस्तोवर वर बघावं लागतं. साडेपाच मीटर उंच खांब, त्यांच्यावर तारा, आणि तारांवरून जमिनीपर्यंत सोडलेल्या काथ्याच्या दोऱ्या. वेल त्या दोरीला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं वळसे घालत वर जातो. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर तोडणी चालते. अख्खा वेल दोरीसकट कापून ट्रकवर पडतो आणि शेडमध्ये यंत्रावर उलटा टांगला जातो, तिथे फुलं झडतात.

शेडमधल्या एका बाईनं मूठभर फुलं माझ्या हातात दिली आणि तळवे एकमेकांवर जोरात चोळ म्हणाली. चोळले. तळवे चिकट, पिवळे. नाकाशी नेले तर आधी ओल्या गवताचा वास, त्यामागे मोसंब्याची साल सोलताना फवारा उडतो तो, आणि त्याच्याही मागे काहीतरी तिखटसर, जवळजवळ लसणासारखं. मग तिनं दुसऱ्या जातीची फुलं दिली आणि त्यात पिकलेला पेरू होता. पेरूच! गाडीत बसल्यावरही हात धुवावेसे वाटेनात. नंतर त्याच खोऱ्यात, हॉप्सच्या शेताच्या मधोमध बेल ब्रेकर नावाची ब्रूअरी आहे, तिथे आयपीए घेतली. ग्लास नाकाशी नेल्याबरोबर 'अरे, हे तर मघाचंच' असं झालं. कडूपणा कुठे गेला नव्हता. पण आता त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

कुणालाही याकिमाला जायला सांगत नाही. पण हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या मिळाल्या तर एखाददुसरी चुरगाळून हुंगून बघा. कुठलाही ब्रूअर हौसेनं देईल. नाकाला एकदा ओळख पटली की जीभ मागोमाग येते.

आळशी_कासव

'जवळजवळ लसणासारखं' हे प्रामाणिकपणे लिहिल्याबद्दल आभार. मला एका आयपीएत चक्क कांदाभजी आली होती आणि मित्रांनी वेड्यात काढलं.

शेवटचा_घोट

वेड्यात काढायचं काही कारण नाही. हॉप्समध्ये गंधकयुक्त संयुगं असतात. थोडी असली तर पेरू, पॅशनफ्रूट. प्रमाण किंवा जात बदलली, तोडणीला उशीर झाला, की कांदा-लसूण. यातल्याच एकाचं वर्णन आमच्या धंद्यात सर्रास 'मांजराची शू' असं होतं. हेच संयुग अगदी किंचित असलं की लोक पैसे मोजून पितात.

वैशाखवणवा

पण मुळात आयपीए आपलीच ना? इंडिया पेल एल. बोटीनं येताना सहा महिन्यांत बीअर नासायची, म्हणून गोऱ्यांनी हॉप्स ठासून भरले आणि खास हिंदुस्थानासाठी नवी बीअर शोधून काढली. म्हणजे न आवडून चालणारच नाही, वारसा आहे!

अनुस्वार

ही गोष्ट छान आहे, पण तशी घडलेली नाही.

हॉप्सनं बीअर टिकते हे फार आधीपासून ठाऊक होतं. बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्ड या जर्मन जोगिणीनं ते लिहून ठेवलंय. लांबच्या किंवा उन्हाळ्यातल्या साठवणीसाठी जास्त हॉप्स घालायची रीत इंग्लंडात जुनीच होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व लंडनमधल्या बो इथल्या हॉजसनच्या ब्रूअरीची पेल एल कलकत्ता-मुंबई-मद्रासला यायला लागली. त्यात शोधापेक्षा जागेचा भाग मोठा. ब्रूअरी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागत त्या गोद्यांच्या जवळ होती आणि हॉजसन कप्तानांना लांब मुदतीची उधारी द्यायचा. बीअर आफ्रिकेच्या टोकाच्या केपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून यायची. पिंपात हेलकावे खात आणि तापत ती उलट मुरायची, इथे पोचेपर्यंत उत्तम लागायची. आणि 'बाकीची बीअर नासायची' हेही खरं नाही, कारण सैनिकांसाठी काळी पोर्टर त्याच बोटींतून ढिगानं यायची. पेल एल साहेबांची, पोर्टर शिपायांची.

पुढे हॉजसननं कंपनीशी वाकडं घेतलं. तिकडे इंग्लंडातल्याच बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या अ‍ॅलसॉप या ब्रूअरचा रशियाचा धंदा १८२२ च्या जकातीनं बसला होता. कंपनीच्या एका संचालकानं त्याला हिंदुस्थानचा बाजार सुचवला. अ‍ॅलसॉपच्या माणसानं पहिला नमुना चहाच्या किटलीत बनवला अशी गोष्ट सांगतात, खरी असो नसो. बर्टनच्या पाण्यात जिप्समचं प्रमाण भरपूर, म्हणजे वर शेवटचा_घोट म्हणाले ते सल्फेट, त्यामुळे ती बीअर हॉजसनपेक्षाही खणखणीत झाली. मग बास वगैरे बर्टनचे दुसरे ब्रूअर आले. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापील स्वरूपात आढळतं तेही १८२९ मध्ये सिडनीच्या वर्तमानपत्रात.

आज टॅपरूममध्ये जी आयपीए मिळते ती मात्र त्या बीअरची फार लांबची नात. तिचा खरा जन्म अमेरिकेतला. १९७२ मध्ये ऑरेगनमधल्या सरकारी संशोधनातून कॅस्केड ही हॉप्सची जात बाहेर पडली, १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकरनं ती लिबर्टी एलमध्ये वापरली, १९८० मध्ये चिकोच्या सिएरा नेवाडानं पेल एल काढली. ते पपनस तिथून आलं. त्याआधी इंग्रजी हॉप्सचा वास माती-फुलं-लाकूड असा होता.

वैशाखवणवा

वारसा गेला. निदान हॉप्स तरी आपल्याकडे पिकतात का?

शेवटचा_घोट

हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात होतात, तीन हजार मीटरच्या वर. थोडे. वेलीला फुलण्याआधी नीट वाढायला उन्हाळ्यात फार लांब दिवस लागतो, तो आपल्या अक्षांशावर मिळत नाही. त्यामुळे महाबळेश्वरला लावून बघू असा कुणाचा बेत असेल तर स्ट्रॉबेरीच बरी. ब्रूअरी बहुतेक हॉप्स आयातच करतात.

तांबडा_रस्सा

कोल्हापुरातनं लिहितोय. खाण्याचं कोण बोलंना म्हणून मीच बोलतो. आयपीए आणि तांबडा रस्सा एकत्र घेऊ नका. मी सगळं करून बघितलंय. कडू आणि तिखट एकमेकाला चढवत्यात, वर फेसाचे बुडबुडे जिभेला टोचत्यात. डोळ्यात पाणी आणि चव कशाचीच नाही. रश्श्याबरोबर गव्हाची नाहीतर साधी गार लागर.

आयपीएला तळलेलं आणि खारट पाहिजे. खारे शेंगदाणे, रव्यातली सुरमई, बटाटवडा पण चटणी बेतानं. मीठ कडूपणाला दाबतंय आणि तेलकट तोंड कडूनं साफ होतंय. जुनं चीज असलं तर विषयच नाही. आमच्या मित्राच्या बायकोला आयपीए अजिबात चालत नव्हती, सुरमईबरोबर अर्धा ग्लास कधी संपला तिलाच कळलं नाही.

पावसाळी

तांबडा_रस्सा, +१. मिठाचं शंभर टक्के. इथे त्यासाठीच प्रेट्झेल ठेवतात.

आळशी_कासव

माझी तक्रार वेगळीच आहे. एका दुकानातून नावाजलेली आयपीए आणली, बाटली, महाग. उघडली तर फळ नाही, पाइन नाही, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आणि वर गोडसर कडू. मित्र म्हणाले 'तुला कळत नाही'. मग पबात तीच नळावर प्यालो तर वेगळीच बीअर! आता न कळणारा कोण?

शेवटचा_घोट

हा प्रतिसाद वर पिन करायला हवा. मुठाकाठी, तुमच्या प्रश्नाचं माझ्या मते अर्धं उत्तर इथे आहे. आपल्याकडे आयपीए न आवडणाऱ्या बऱ्याच लोकांनी ताजी आयपीए प्यालेलीच नसते.

हॉप्सचा वास ही बीअरमधली सगळ्यात आधी मरणारी गोष्ट. कडवटपणा त्यामानानं चिवट. बीअर जुनी झाली, तापली, आत हवा राहिली की वास आधी जातो, पुठ्ठा येतो, कडू मागे उरतं. म्हणजे मघाच्या दोन गोष्टींपैकी जी तुम्हाला नको तीच शिल्लक. धंद्यात ३-३०-३०० असा ठोकताळा वापरतात. ३२ अंशात ३ दिवस, २२ अंशात ३० दिवस आणि ३ अंशात ३०० दिवस, तिन्हींत बीअर साधारण सारखीच म्हातारी होते. आता एप्रिलमधल्या बिनफ्रिजच्या ट्रकचा आणि दुकानाच्या मागच्या खोलीचा हिशेब तुम्हीच करा. गव्हाची बीअरही बिघडते, पण तिची केळं-लवंग यीस्टची असतात आणि हॉप्सवर तिचा फारसा भार नसतो, म्हणून तिथे इतकं नुकसान जाणवत नाही.

उजेडाचं अजून वाईट. ऊन किंवा ट्यूबलाइट लागली की आयसो-अल्फा आम्लं तुटून एक गंधकी संयुग बनतं, त्याला स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा वास येतो. हिरव्या आणि पांढऱ्या बाटल्या याला काही अडवत नाहीत, तपकिरी बऱ्यापैकी, कॅन पूर्ण. आणि काचेच्या चकचकीत फ्रिजमध्ये दिव्याखाली मांडलेल्या बाटल्या बघून आमच्या पोटात गोळा येतो.

तेव्हा जिथे बनते तिथे जाऊन, नळावर प्या. पुण्यात तर सोय आहे, इंडिपेंडन्स, ग्रेट स्टेट एलवर्क्स वगैरे तिथल्याच. आणि मागवण्याआधी 'कुठली बीअर या आठवड्यात आलीय' एवढंच विचारा.

लागरप्रेमी

हे मात्र पटलं. लागरलाही लागू आहे. आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार खोकी उन्हातच ठेवतो, सांगून सांगून थकलो.

मुठाकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून नुसतं बसले नाही, शनिवारी जाऊन आले. चार छोटे ग्लास मागवले: पिलस्नर, पेल एल, हेझी आणि वेस्ट कोस्ट (जास्त कडू, अमेरिकी पद्धतीची) आयपीए. ताजं काय ते विचारलं तर वाढणारा मुलगा इतका खूश झाला की हॉप्सच्या गोळ्याही आणून दिल्या. चुरगाळल्या. पावसाळी, मोसंब्याची साल कळली! पेरू नाही सापडला.

पिलस्नर लगेच आवडली, अख्खा ग्लास घेईन. हेझीचा वास जबरदस्त, आंबा-अननस दोन्ही, पण अर्ध्यावर येईपर्यंत तोंड भरून आल्यासारखं झालं, फळांचा रस जास्त प्यावा तसं. टोळीला हे सांगितलं तर त्यांना धक्का बसला, कारण नवशिक्यांना म्हणे हीच आवडायला हवी. पेल एलनं मात्र चकवलं. सुरुवातीला 'हं, कडू', मग शेंगदाणे, मग गप्पा, आणि रिकामा झालेला ग्लास तिचाच होता. वेस्ट कोस्ट अजून झेपत नाही. वास कळतो, पण कडू येतं तेव्हा दार आपटून येतं.

पावसाळी

वा! पेल एलवरच रहा काही महिने. रशियन रिव्हर ब्रूअरीच्या व्हिनी सिलुर्झोनं याला नावच दिलंय, ल्युप्युलिन थ्रेशोल्ड शिफ्ट. काल जी फार हॉपी होती ती आज मिळमिळीत वाटायला लागते. याची दुसरी बाजूही सांगते. माझ्या नवऱ्याला आता साधी बीअर पाणी वाटते आणि तो ८ टक्क्यांखाली उतरत नाही. हे काही कौतुकाचं नाही, डबल आयपीएचे दोन ग्लास म्हणजे गाडीची किल्ली दुसऱ्याकडे. तुम्हाला डोकं धरण्याची भीती आहे तर सेशन आयपीए बघा, साडेचार-पाच टक्क्यांच्या आत असते.

वैशाखवणवा

मी सध्या गोळ्यांमुळे दारू बंद केलीय, पण हा धागा वाचून नाक शिवशिवायला लागलंय. बिनदारूची आयपीए म्हणजे नुसती फसवाफसवी का?

पावसाळी

अजिबात नाही. बिनदारूच्या प्रकारांत लागरपेक्षा आयपीएच जास्त जमते असं माझं मत, कारण दारू नसल्याची पोकळी हॉप्सचा वास झाकून टाकतो. फक्त लेबल वाचा. इथे ०.५ टक्क्यापर्यंत असली तरी 'बिनदारूची' म्हणतात, गोळ्यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच. हॉप वॉटरही मिळतं, म्हणजे सोड्यात हॉप्सचा अर्क. त्यात माल्टही नाही, साखरही नाही. उन्हाळ्यात मी तेच पिते.

तांबडा_रस्सा

सोड्यात हॉप्स? लिंबू पिळा की राव.

लागरप्रेमी

मुठाकाठींचा अहवाल वाचून काल पिलस्नर प्यालो. चांगली होती. वाढणाऱ्यानं पेल एलचा चमचाभर नमुनाही दिला. त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

चेक_मेट

सासऱ्यांना कळवतो.

मुठाकाठी

शेवटचा_घोट, एकच शेवटचं. घरी दोन कॅन आणून ठेवायचे आहेत. दुकानात ताजं कसं ओळखायचं?

शेवटचा_घोट

कॅनच्या बुडाशी किंवा लेबलच्या कडेला उत्पादनाची तारीख असते, आपल्याकडे ती छापावीच लागते. 'अमुक महिन्यांत संपवा' याकडे बघू नका, आयपीएसाठी तो आकडा फारच उदार असतो. बनून दोन महिने झाले नसतील आणि दुकानदार फ्रिजमधूनच काढून देत असेल तर घ्या. फळीवरचा कॅन काढून 'घरी जाऊन थंड करा' म्हणाला तर लागर घेऊन या. कपाटात नाही, फ्रिजमध्ये ठेवा, आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका.

लागरप्रेमी

लागर का म्हणून फळीवरची?